सिंदेवाहीच्या पत्त्यावर

चि. आशिष यास,


तुझं पत्र दोनदा वाचलं. घरमालकीणबाईंनी आणून दिलेला सत्यनारायणाचा प्रसाद घ्यावा का, मंडईची वर्गणी द्यावी का, बँकेच्या शाखेत गणपती बसला की आरतीला उभं राहावं का, असं तू विचारतोस. तिन्ही प्रश्नांची उत्तरं देते. पण मला खरं बोलायचंय ते पाकिटातल्या दुसऱ्या कागदाबद्दल. त्याच्याकडे नंतर येते.

प्रसादाचा प्रश्न तुझ्याआधी करिंथच्या मंडळीला पडला होता. तिथल्या बाजारात मूर्तीपुढे ठेवलेलं मांस विकायला येई. पौलाने पहिल्या पत्राच्या आठव्या आणि दहाव्या अध्यायात त्यावर बरंच लिहिलंय. मूर्तीपुढे ठेवल्याने अन्नाचं काही बिघडत नाही, बाजारातलं निःशंक खा. पण हे वाहिलेलं आहे असं कोणी मुद्दाम सांगितलं, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नको, असा त्याचा सल्ला. मी तोच पाळते. मात्र नाही कसं म्हणावं याची एक रीत असते. दारातूनच हात हलवून परत पाठवू नकोस. आत जा, बस, त्यांच्या पोरांची चौकशी कर, चहा घे. मंडईची वर्गणी बेलाशक दे. झाडीपट्टीतली मंडई म्हणजे धान निघाल्यावर लेकीबाळी, सोयरेधायरे गावात येतात आणि रात्रभर नाटक चालतं, तो सोहळा. तिथे न जाणारा माणूस धार्मिक वाटत नाही, माणूसघाणा वाटतो. आरतीच्या वेळी तुझ्या टेबलाशी शांत बसून राहा. त्याचा गाजावाजा करू नकोस.

तू एकटा पडलास असं लिहितोस, ते मला पटत नाही. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्मदीक्षा दिली आणि 16 ला चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात. तेव्हापासून त्या भागात गावोगाव अशी घरं आहेत, ज्यांनी देव्हारे उतरवले आणि आरतीला नम्रपणे नाही म्हटलं. तुझ्या शाखेतही कोणी असेलच. वेगळं राहून गावात कसं नांदायचं, हे आपल्या पास्टरांपेक्षा ते तुला नीट सांगतील.

मंडळीतल्या एका काकांनी तुला सांगितलं म्हणे की जंगलातली माणसं वाघाला पुजतात, त्यांच्यापासून चार हात लांब राहा. काका राहतात नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर. 2025 च्या मे महिन्यात तुझ्याच तालुक्यातल्या मेंढा-मालच्या बायका तेंदूपत्ता तोडायला गेल्या आणि त्यातल्या तीन जणींना वाघाने मारलं. ताडोब्याची कथाही तेच सांगते: तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी लढताना मेला आणि लोकांनी त्याचा देव केला. ज्या गावाला पोट भरायला पहाटे त्याच जंगलात शिरावं लागतं, त्याच्या भीतीला मूर्तिपूजा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. तू शेंदूर लावलेल्या दगडापुढे वाकू नकोस, वाकायचं कारण नाही. पण वाघाने पुन्हा कोणाला मारलं तर त्या घरी आधी तू पोच. नुकसानभरपाईचे कागद, मयताच्या खात्याचे पैसे वारसांना मिळवून देणं, हे काम तुझ्या हातचं आहे.

पंडिता रमाबाई आणि रेव्हरंड टिळक आपण उठताबसता सांगतो, पण त्यांनी काय सोडलं आणि काय धरून ठेवलं हे नीट बघत नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. तरी त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस गळ्यात घालायला नकार दिला. संस्कृत का नको, असं त्यांचं म्हणणं. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीनशी त्यांनी पत्रांतून जे वाद घातले, ते आजच्या आपल्या कमिटीसमोर घातले असते तर त्यांना बाहेर काढलं असतं. आणि त्याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली, विधवा केडगावला घेऊन आल्या. तुझा चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता. टिळकांचंही तसंच. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग, ओवी, कीर्तन काही टाकलं नाही. 1917 मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून 'देवाचा दरबार' काढला, आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतरही सोवळं सांभाळत होत्या. आधी त्यांच्या मनातून जात गेली, बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये. माझ्या मते हाच क्रम बरोबर.

या सगळ्यांनी बोली, जेवण, गाण्याची चाल शेजाऱ्यांसारखी ठेवली. जिथे माणसाला कमी लेखलं जात होतं, तिथे मात्र ते वेगळे झाले. आपण उलट करून ठेवलंय. नाताळला सुटाबुटात उपासनेला जातो, कीर्तन म्हटलं की नाक मुरडतो, आणि हुंडा मात्र बाकीच्यांसारखाच घेतो. फक्त त्याला भेट म्हणतो.

वेगळेपणाची खरी किंमत मोजणारे लोक तुझ्यापासून फार लांब नाहीत. गडचिरोली ओलांडली की बस्तर. तिथल्या छिंदवाडा गावात जानेवारी 2025 मध्ये एका पास्टरांचं निधन झालं. गावात पुरायला विरोध झाला. मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, तोवर प्रेत शवागारात. दोन न्यायमूर्तींची मतं जुळली नाहीत. अखेर वीसेक किलोमीटरवरच्या करकापालच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरा, असा आदेश झाला. ज्याला बापासाठी गावची माती मिळाली नाही, त्याच्यासमोर तुझा आरतीचा प्रश्न मांडून बघ.

रविवारच्या उपासनेचंही विचारलंस. गोंदियाहून येणारी गाडी सिंदेवाहीहून पुढे बल्लारपूरला जाते, तिथे सिरो-मलबार कॅथलिकांच्या धर्मप्रांताचं केंद्र आहे. आपण सीएनआयवाले, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, ते कॅथलिक, म्हणून बिचकू नकोस. आपलं सीएनआय तरी कुठे आकाशातून पडलं? 1970 मध्ये नागपुरातच सहा चर्चसंस्था एकत्र येऊन झालं. जवळ कोणाच्या घरी चारदोन माणसं प्रार्थनेला जमत असतील, तर ते सगळ्यात उत्तम.

आता तो दुसरा कागद. तुझ्या लग्नाचा बायोडेटा. 'धर्म: ख्रिस्ती' या ओळीखाली तू आपली जुनी जात लिहिलीस, आणि पुढे कंसात 'त्याच समाजातील स्थळास प्राधान्य'. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आजही बाहेर. म्हणजे दलित ख्रिस्ती माणसाची जात सरकार मान्य करत नाही. हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध आपल्या लोकांनी निवेदनं दिली, मोर्चे काढले. पण सवलत मागायला जात सांगणं वेगळं आणि मुलगी निवडायला जात सांगणं वेगळं. पहिल्यात झालेल्या अन्यायाची नोंद आहे. दुसऱ्यात तोच अन्याय आपण पुढे चालवतो. प्रभुभोजनाला एका प्याल्यातून पिणारी आपली घरं सोयरीक जुळवताना पोटजात विचारतात, आणि तू प्रसादाच्या द्रोणावर अडलायस.

तुझी आई म्हणेल, सगळेच लिहितात. लिहितात खरे. तिला मी बोलेन, तो भार माझ्यावर सोड.

त्या दोन ओळी काढ, कागद नव्याने टाइप करून घे आणि मला पाठव. दोन स्थळं माझ्या डोळ्यांसमोर आहेत, पण हा कागद घेऊन मी कोणाच्या दारी जाणार नाही.

तुझी,
आत्या