तांब्याच्या पोटात

शेजारच्या एका तरुणाच्या मेजावर परवा तांब्याचा एक ठोकळा पाहिला, आणि त्याच्या एका अंगावर हॅक्सॉच्या पात्याने पाडलेल्या समांतर चिरांवर माझे लक्ष जे खिळले ते अद्याप सुटलेले नाही. संगणकाच्या प्रोसेसरवर घट्ट बसायचे, पोटातून पाणी खेळवायचे आणि त्या पाण्याकरवी प्रोसेसरची उष्णता बाहेर रवाना करायची, एवढीच त्या ठोकळ्याची कामगिरी. अशी वस्तू बाजारात तयार मिळते. परंतु ती आपल्या हातची असावी असा त्या मुलाचा हट्ट होता, आणि तो मला मनापासून रुचला.

2004 साली आलेल्या पेंटियम 4च्या प्रेस्कॉट जातीतील सिलिकॉनचा तुकडा जेमतेम 112 चौरस मिलिमीटरांचा, म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढा होता, आणि तेवढ्या जागेतून शंभर वॅटांहून अधिक उष्णता निघे. शंभर वॅट वाहून नेण्यास पाणी किती लागते याचा हिशेब मांडला, तर मिनिटाला एक लिटर पाणी फिरवले असता ते सुमारे दीड अंशानेच तापते असे उत्तर येते. तेव्हा अडचण पाण्याच्या कुवतीची नसून उष्णता पाण्यापर्यंत पोचवण्याची आहे. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक खरे. पण पाणी त्याच्या मानाने सहाशे पटींहून अधिक मंद, त्यामुळे भिंतीलगतचा पातळ थर तेवढा तापतो आणि मधला प्रवाह थंडच्या थंड पुढे निघून जातो. यावर उपाय एकच: वाट इतकी अरुंद करावी की पाण्याला भिंतीपासून दूर राहण्यास जागाच उरू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठात डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीझ यांनी 1981 साली सिलिकॉनमध्येच सुमारे 50 मायक्रॉन रुंदीचे पाट कोरून, दर चौरस सेंटिमीटरला 790 वॅट इतकी उष्णता पाण्याच्या हवाली केली होती. हॅक्सॉची चीर त्याच्या वीसपट रुंद पडते; पण दोहोंमागील विचार एकाच कुळातला आहे, आणि मेजाच्या कडेला शिकंजा आवळून एखाद्याने तो आपल्या मनगटाच्या बळावर तांब्यात उतरवावा याचे मला फार अप्रूप वाटते.

त्या चिरांकडे पाहताना मला आठवला तो आमच्या न्हाणीघरातला बंब. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीत वरून सोडलेल्या करवंट्या आणि कोळसे, भोवतीच्या पोकळीत पाणी आणि खाली पितळेची तोटी, असे ते साधे यंत्र. पण अग्नी आणि जल यांना एकाच देहात, मध्ये केवळ एका पत्र्याचा पडदा ठेवून, इतक्या सलोख्याने नांदवणारी दुसरी वस्तू मी घरात पाहिली नाही. दिवाळीच्या आधी चिंच आणि राख लावून तो घासला जाई, आणि पहाटेच्या काळोखात जाळीतून सांडणाऱ्या निखाऱ्यांच्या उजेडात त्याचे पोट तांबूस झळके. आजीचा दंडक असा, की बंब पेटवणाऱ्याने आधी झाकण काढून आत डोकवावे. "पाणी बघितलंस का रे? मग लाव काडी," हे वाक्य तिने प्रत्येक नातवाला ऐकवले असेल. त्यामागचे कारण मला पुष्कळ वर्षांनी उमगले. पाणी आहे तोवर पत्रा शंभर अंशांच्या फार पलीकडे जाऊ शकत नाही. पाणी नसेल तर मात्र 232 अंशांना वितळणारे कथील सांध्यातून वाहू लागते आणि डाग सुटतात. म्हणजे पाणी तापवण्यासाठी घेतलेला तो बंब पाण्यामुळेच शाबूत राहत होता, आणि उष्णता पाण्याला देऊन स्वतः वाचण्याची विद्या त्या तांब्याला प्रोसेसरचा जन्म होण्यापूर्वीपासून अवगत होती.

असे बंब पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळीत घडत. पेशवाईत येथे येऊन स्थायिक झालेल्या त्वष्टा कासारांची ही आळी. तेथील मठारकाम, म्हणजे भांड्याच्या अंगावर ओळीने उमटवलेले हातोडीचे ठसे, पाहणाऱ्याला नक्षी वाटते, परंतु त्या प्रत्येक ठोक्यागणिक तांबे अधिकाधिक कठीण होत असते. उलट ते मऊ करायचे तर लाल होईतो तापवून खुशाल पाण्यात बुडवावे: पोलाद ज्या उपचाराने कठीण होते त्यानेच तांबे नरमते. हे मी त्या तरुणाला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणूनच पातं अडकतं, काका. मऊ तांबं दातांत भरून बसतं." पात्याला तेल देत, दातांतला कीस ब्रशने काढत त्याने पुढची चीर घेतली.

ठोकळ्याची खालची बाजू त्याने जाड काचेवर पॉलिश पेपर अंथरून, त्यावर पाणी शिंपडून, बारीक होत जाणाऱ्या दाण्यांवर घासली होती, कारण धातूंच्या दोन पृष्ठांमध्ये राहिलेली हवेची यत्किंचित पोकळीही उष्णतेची वाट अडवते. लावायचा लेप हा त्या उणिवांच्या भरपाईपुरताच. वरचे झाकण पारदर्शक ॲक्रिलिकचे करून आत रंगीत दिवे लावण्याची हल्ली रीत आहे. मला ती पटत नाही. झाकणही तांब्याचेच असावे आणि झाळून बसवावे. आतल्या चिरा कोणाला दिसल्या नाहीत म्हणून त्यांचे मोल उणे होत नाही.

पाणी निववण्यासाठी रेडिएटर हवा, आणि त्याची निवड करताना धातूची जात पाहणे अगत्याचे आहे. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात नांदू लागले की त्या पाण्याच्या द्वारे त्यांच्यात विद्युतव्यवहार सुरू होतो आणि झीज ॲल्युमिनियमच्या वाट्याला येते. यास्तव जुन्या मोटारींतले तांब्यापितळेचे रेडिएटर धुंडाळण्यासाठी त्याने रविवारी जुन्या बाजारात जावे, असे मी सुचवले. हाताला जड लागणारा, सांध्यांशी हिरवट गंज धरलेला असेल तर घासाघीस करावी. हलका आणि पांढरी भुकटी सोडणारा असेल तर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.