धारेला देण्याआधी

लालबाग, मुंबई

चि. दत्ता,

काल ताईचा फोन आला. घरचं सगळं सांगून झाल्यावर सहज म्हणाली, "दत्तानं कात्री धारवाल्याला दिली, आता केस ओढतेय." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. संकष्टीची गर्दी, गोळेगावात दुकानापुढंच सायकलवाला उभा; मोह झाला असेल, समजतं. पण ती जपानी कात्री! घेताना मला दहादा विचारलंस, मग धारेला देताना एक फोन करायला काय झालं होतं?

त्या माणसाला बोल लावू नकोस. त्याचा हात शिंप्याच्या कात्रीवर, मेरठच्या कात्रीवर बसलेला. त्या कात्रीला चाक चालतं, वर्षानुवर्षं धार लावून ती वापरता येते. तुझ्या कात्रीचं पातं बाहेरून फुगीर, आतून किंचित खोलगट. कोरड्या चाकावर धरलं की तो फुगीरपणा जातो, आणि ठिणग्या उडेपर्यंत धरलं तर काठाचं पोलाद तापून त्याचं पाणी उतरतं. मग चार दिवस कात्री छान कापते आणि पुढं केस पात्यांत दुमडायला लागतो. आतली बाजू त्यानं चाकाला लावली नसेल तर वाचलास. ती फक्त सपाट, ओल्या निसण्यावर, हलक्या हातानं घ्यायची. पातं उजेडात धर. आतून काठालगत बारीक चकचकीत रेघ टोकापर्यंत सलग दिसायला हवी. मध्येच तुटली असेल तर लगेच कळव.

आणि धार खरंच गेली होती का रे? मला शंका आहे. स्क्रू सैल झाला तरी कात्री केस ओढते. टोक वर करून एक कडी धरायची, दुसरं पातं काटकोनात उघडायचं नि सोडून द्यायचं. खाडकन पूर्ण मिटलं तर सैल, जागच्या जागी अडलं तर घट्ट. थोडी फट ठेवून थांबलं तर बरोबर. एवढं रोज सकाळी बघायचं. रात्री मऊ कापडानं पुसून स्क्रूपाशी तेलाचा थेंब, आणि रंगाचं किंवा ब्लीचचं पाणी लागलं तर तेव्हाच धुऊन कोरडी करायची. आपले अण्णा खंडेनवमीला धोकटी पुजायचे, पण वस्तरा निसण्यावर आणि पट्ट्यावर रोज फिरायचा. एक दिवस चुकला नाही. तो निसणा ताईकडे आहे, मागून घे.

तू लेण्याद्रीच्या पायथ्याशी बसतोस. वर सातव्या लेण्यात गिरिजात्मजाचा एवढा मोठा मंडप, भोवती वीस खोल्या, आत आधाराला एक खांब नाही. तो काळा दगड रोज छिन्न्यांची धार खात असणार आणि त्या पाजवून देणारा लोहार तिथंच कुठंतरी भाता लावून बसलेला असणार. जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत धान्य विकणाऱ्यांच्या, बांबूकाम करणाऱ्यांच्या, कासारांच्या श्रेणी, म्हणजे संघ, आहेत. हत्यार पाजवणारा मला कुठं भेटला नाही. आजही तेच चाललंय. तुम्हा पोरांना महाग कात्री विकणारे पुष्कळ आहेत. ती सांभाळायला शिकवणारा एक तरी दाखव. हे शिक्षण कात्री हातात द्यायच्या आधीचं आहे, असं मी आयुष्यभर म्हणत आलो.

असो. कात्रीचं काय ते होईल. ताई म्हणाली, तुझा अंगठा मुळाशी दुखतो, सकाळी आखडलेला असतो. हे तू मला का सांगितलं नाहीस? ओढणाऱ्या कात्रीला हात नकळत जोर लावतो आणि तो सगळा अंगठ्यावर येतो. दुखणं मनगटात उतरलं की महिनोन्‌महिने जात नाही, आणि आपल्याला हाताशिवाय दुसरं काय आहे?

कात्री मुंबईला येणाऱ्या कुणाच्या हाती पाठव, टोकाला बूच लावून, कापडात गुंडाळून. ओल्या दगडावर काम करणारा एक जुना माणूस इथं आहे. तोवर मेरठचीच वापर. आणि मलम चोळत बसू नकोस, याच आठवड्यात जुन्नरला जाऊन डॉक्टरांना हात दाखव.

तुझा,
मामा