खालचा आकडा

तोंडावाटे दुर्बीण घालून जठराला आतून टाके घालतात, पिशवी अरुंद होते, भूक लवकर भागते. ते काम डॉक्टरांचं. माझं काम पुढचं, त्या माणसाची वर्षानुवर्षं नोंद ठेवण्याचं.

समजा, बोईसरजवळच्या पाममधला एक कामगार आहे. उंची 160 सें.मी., वजन 90 किलो. वर्षात 13 किलो उतरले, म्हणजे एकूण वजनाचे जवळपास साडेचौदा टक्के. बीएमआय 25पर्यंत ठीक मानला, तर त्याचं जादा वजन 26 किलो. त्यातलं निम्मं गेलं. आपल्या लोकांसाठीची 23ची मर्यादा लावली, तर जादा 31 आणि घट 42 टक्के. म्हणून नुसते टक्के मी कुणाला लिहू देत नाही. कशाचे, ते आधी लिहा.

बीएमआयवर तरी किती विसंबायचं? पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण दिलं. दोघांचा बीएमआय 22.3, चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. तेव्हा टेप हवीच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध ती धरायची. टेप लागली की पेशंट पोट आत ओढतात. मी मुलाबाळांची चौकशी करते. बोलता बोलता श्वास सुटतो, तेव्हा आकडा वाचते. शिवाय तीन महिन्यांची साखर, बीपी, आणि स्टेशनचा पूल न थांबता चढता येतो का, हेही विचारते.

अमेरिकेतल्या नऊ केंद्रांतला ‘मेरिट’ हा अभ्यास 2022 साली आला. टाके घातलेल्यांचं वजन वर्षात 13.6 टक्क्यांनी उतरलं, नुसत्या आहार-व्यायामवाल्यांचं 0.8. दोन वर्षांनी 60पैकी 41 जणांनी जादा वजनातली निदान पाव घट टिकवली होती. मी 41च्या आधी 60 वाचते. यश किती, हे छेदात, म्हणजे खालच्या आकड्यात, कोण धरलंय त्यावर ठरतं.

कारण वजन परत चढलं की माणूस यायचा थांबतो. त्यात तारापूर एमआयडीसीतली शिफ्ट. डहाणू लोकलने मुंबईला यायचं, तर एक खाडा. मी फोन लावते, तर तो बायको उचलते. “ते सेकंडला गेलेत, मॅडम.” दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा लावते. “सहा किलो परत चढलेत. काय तोंड घेऊन येऊ?” मी म्हणते, कंपनीतल्या काट्यावर उभे राहा आणि दिसेल ते सांगा. ते वजन तारखेसह लिहिते, पुढे ‘फोनवरून’ असा शेरा मारते आणि त्यांना खालच्या आकड्यात धरते.