चिठ्ठी डब्यावर, डबा रिकामा



मागच्या वेळी कांदा-लसूण नसलेल्या मसाल्याची कृती देईन म्हणाले होते. तो मसाला अक्कांचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा. त्यांनीच तो माझ्या फोनवर सांगून ठेवला होता. आज ते रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. कसं गेलं, ते आधी सांगते, कारण जुना फोन आणि त्यात हात घालणारं हुशार पोर आता घरोघरी आहे.

माझा फोन २०१७ सालचा. कंपनीने त्याचे अपडेट कधीच बंद केले. चालती वस्तू टाकायला माझं मन होईना, म्हणून धाकट्याने त्यात लिनिएज ओएस घालून दिलं. म्हणजे फोन तोच, आतली मूळ प्रणाली मात्र कंपनीची नाही. त्याला कस्टम रॉम म्हणतात. फोन चांगला पळू लागला. अक्का गेल्या त्याच्या आदल्या वर्षी मी त्यात त्यांची तेवीस रेकॉर्डिंग केली. सांडगे, पापड, मसाले, दिवस मावळायच्या आत स्वयंपाक उरकायचा तर सकाळपासून काय काय लावायचं, असं सगळं. मधेच त्यांचा खोकला, मधेच "गॅस बारीक कर गं" असं मला सांगणं.

यंदा श्रावणात धाकटा सुट्टीला आला आणि नवी आवृत्ती घालतो म्हणाला. मी विचारलं, "अक्कांचं सगळं राहील ना?" तो म्हणाला, "आई, पूर्ण बॅकअप घेतलाय." खोटं बोलला नव्हता. टीडब्ल्यूआरपी नावाचं एक साधन असतं, फोन नेहमीसारखा सुरू न करता त्यातून काम करता येतं. त्यात बूट, सिस्टिम आणि डेटा या तिन्हींवर खूण करून त्याने मेमरी कार्डवर प्रत घेतली. मग फोनची आतली जागा पूर्ण पुसून नवी आवृत्ती घातली. तिच्यावर फोन काही लागेनात, म्हणून त्याने जुनी प्रत परत चढवली.

वीस-पंचवीस मिनिटांत माझा फोन जसाच्या तसा उभा राहिला. तेच चित्र, तेच नंबर, तेच मेसेज. मला इतका आनंद झाला! रेकॉर्डरही उघडला. तेवीसच्या तेवीस नावं होती. "अक्का मसाला" वर बोट ठेवलं, तर "फाइल सापडत नाही." पुढचं दाबलं, तेच. त्याच्या पुढचं, तेच.

नंतर धाकट्याने समजावलं. त्या साधनात "डेटा" म्हणजे ॲप आणि त्यांची स्वतःची नोंदवही. आपले फोटो, आवाज, कागद ज्या आतल्या जागेत असतात, ती जागा या प्रतीत येतच नाही. रेकॉर्डरची नोंदवही परत आली, म्हणून नावं दिसली. आवाज पुसलेल्या जागेत होते. डब्यावर चिठ्ठी चिकटलेली, डबा रिकामा, अशी गत.

त्या रात्री मी त्याला फार बोलले. तो जेवला नाही, मीही नाही.

तुमच्याकडे कुणी हे काम करणार असेल तर समोर बसा आणि एवढं करून घ्या. आधी केबल लावून फोनची सगळी आतली जागा संगणकावर उतरवा. हे काम वेगळं, टीडब्ल्यूआरपीचं वेगळं. त्याची प्रत फोनच्याच आतल्या जागेत ठेवू नका. फोन पुसला की तीही जाते. ती कार्डवर घ्या आणि तिथून संगणकावरही टाका. ईएफएस नावाचा भाग दिसला तर त्याचीही एकदा प्रत घेऊन जपून ठेवा. कित्येक फोनमध्ये आयएमईआय क्रमांक त्यात असतो, तो बिघडला तर सिम असूनही नेटवर्क येत नाही. प्रत घेण्याआधी पॅटर्न किंवा पिन काढा, नाहीतर परत चढवल्यावर कधीकधी फोन आपल्यालाच आत घेत नाही. बूटलोडर पहिल्यांदा उघडतानाही बहुतेक फोन सगळं पुसतात, हेही ध्यानात असू द्या. आणि शेवटी, उतरवलेल्या फाइलींपैकी दोन-चार संगणकावर लावून ऐका. नावं बघून समाधान मानू नका. मी तेवढंच करायचं राहिले.

सहा रेकॉर्डिंग परत मिळाली. ती मी तेव्हा नणंदबाईंना व्हॉट्सॲपवर पाठवली होती आणि त्यांनी पुसली नव्हती. सतरा गेली.

क्षमावाणीच्या दिवशी धाकट्याचा फोन आला. "आई, उत्तम क्षमा," एवढं बोलून गप्प झाला. मीही त्याची क्षमा मागितली. विचारलं होतं मी, पण बघितलं नव्हतं. नुसत्या "पूर्ण" या शब्दावर विसंबले. त्याच्यावर ओरडले ते निम्मं माझ्यावरच होतं.

आता ती सहा रेकॉर्डिंग संगणकावर आहेत, पेन ड्राइव्हवर आहेत आणि नणंदबाईंकडे आहेतच. मसाल्याचं त्यात नाही. पुढच्या लेखात तो आठवणीने लिहीन. धणे किती, खोबरं किती, ते हाताला माहीत आहे. तीळ आधी भाजायचे की खसखस, तेवढं अक्का काय म्हणाल्या होत्या ते आठवत नाही. तुमच्याकडे कसं करतात, कळवा.