जुन्या एमजीबीत नवं इंजिन

जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नवं इंजिन बसवतोय असं सांगितलं, की समोरचा आधी विचारतो, "हॉर्सपॉवर किती वाढणार?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यावा. नव्या इंजिनाचं वजन किती, ते वजन गाडीत नेमकं कुठे बसणार आणि मूळ पत्रा न कापता ते बसतं का, हे आधी पाहावं. ही उत्तरं पटली तरच पुढे जावं. पटली नाहीत, तर गाडी आहे तशी चालवावी. तिच्यात काही कमी नाही.

इंजिन कॅलिब्रेशन हा माझा व्यवसाय. कोणत्या वेगाला आणि किती ओझ्याला इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं, ठिणगी कधी टाकायची, हे ठरवण्याचं ते काम. पुण्यात शिकलो आणि इंग्लंडच्या मिडलँड्स भागात स्थिरावलो. २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यापासून कॉव्हेंट्रीच्या आसपास मराठी कानावर पडणं नवलाचं राहिलेलं नाही. इथल्या लोकांचा जुन्या गाड्यांचा नाद मलाही लागला, आणि त्यातही एमजीबीचा.

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ मध्ये बाजारात आली. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९८० पर्यंत ती बनत होती. उघडी रोडस्टर आणि बंद टपाची जीटी मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. तिचं १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन ओतीव लोखंडाचं, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह पुशरॉडने उघडणारे, दोन एसयू कार्ब्युरेटर. सुरुवातीला त्याची ताकद ९५ हॉर्सपॉवर सांगितली जाई. हे इंजिन दणकट आहे आणि हातातल्या पान्यांनी दुरुस्त होतं. पण त्याचं हेड जुन्या पद्धतीचं. पेट्रोल-हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची वाट एकाच बाजूला, त्यातही शेजारच्या सिलेंडरांमध्ये वाटून घेतलेली. त्यामुळे ते वरच्या फेऱ्यांना मोकळा श्वास घेऊ शकत नाही.

या गाडीत दुसरं इंजिन घालण्याचा प्रयोग आधी तिच्या निर्मात्यांनीच केला, आणि त्यातून मिळालेला धडा आजही घरच्या गॅरेजमध्ये उपयोगी पडतो. १९६७ मध्ये त्यांनी २९१२ सीसीचं सहा सिलेंडरचं लोखंडी इंजिन बसवून एमजीसी काढली. ते इंजिन मूळ इंजिनाहून नव्वद किलोंहून अधिक जड होतं आणि ते सगळं ओझं नाकावर आलं. वळणावर गाडीचं तोंड बाहेर जाऊ लागलं, समीक्षकांनी झोडपलं आणि सुमारे ९ हजार गाड्यांनंतर १९६९ मध्ये एमजीसी बंद झाली.

त्याच सुमारास केन कॉस्टेलो या रेसर-मेकॅनिकने एमजीबीत रोव्हरचं ३५२८ सीसीचं व्ही-एट बसवायला सुरुवात केली. हे इंजिन मुळात अमेरिकेतल्या ब्यूकचं. रोव्हरने १९६५ मध्ये त्याचे हक्क घेतले होते. आठ सिलेंडर असूनही ते ॲल्युमिनियमचं, म्हणून जुन्या चार सिलेंडरच्या लोखंडी इंजिनापेक्षा जेमतेमच जड भरे. एमजीच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, ब्रिटिश लेलँडने, कॉस्टेलोची गाडी मागवून पाहिली आणि १९७३ मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-एट काढली. ताकद १३७ हॉर्सपॉवर. १९७६ पर्यंत २५९१ गाड्या बनल्या आणि आज त्या मानाने मिरवतात. एकाच सांगाड्यातली ही दोन इंजिनं. एकाने गाडी बिघडवली, दुसऱ्याने खुलवली. फरक पडला तो नाकावरच्या वजनाने.

म्हणून घरी करायच्या कामासाठी मी माझ्दा एमएक्स-५ च्या १८३९ सीसी इंजिनाची शिफारस करतो. ॲल्युमिनियमचं हेड, दोन कॅमशाफ्ट, सोळा व्हॉल्व्ह, सुमारे १३० हॉर्सपॉवर, आणि वजनाने बी-सिरीजपेक्षा हलकं. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांची इंजिनं पुढची चाकं ओढण्यासाठी आडवी बसवलेली असतात. त्यांना एमजीबीत उभं करायचं तर गिअरबॉक्स शोधण्यापासून सुरुवात. एमएक्स-५ ची मागची चाकं चालतात, त्यामुळे इंजिनामागे सरळ पाच गिअरचा बॉक्स तयार मिळतो. शिवाय इंग्लंडच्या ओल्या हवेत आणि रस्त्यांवरच्या मिठात या गाड्यांचे दरवाज्याखालचे पत्रे गंजून जातात. बॉडी संपलेली असते, इंजिन ठणठणीत असतं. अशी अख्खी गाडी घ्यावी. नुसतं इंजिन आणलं तर सेन्सर, वायरिंग, क्लच, रिले यांच्या मागे धावण्यात पैसे आणि उमेद दोन्ही जातात.

जुनं इंजिन चेन कप्पीने बाहेर काढलं, की नवं आत सोडण्याची घाई नको. सगळे भाग उतरवलेला मोकळा ब्लॉक आणि रिकामा गिअरबॉक्स आधी आत बसवावा. इंजिन शक्य तितकं मागे, फायरवॉलकडे सरकवावं. मात्र एमएक्स-५ च्या हेडमागे कॅमशाफ्टच्या टोकाला अँगल सेन्सर असतो, तो काढता-घालता येईल एवढी फट हवी. खाली ऑइल चेंबर पुढच्या आडव्या मेंबरला आणि स्टिअरिंग रॅकला लागत नाही ना, वर बॉनेट बंद होतं ना, हे पाहावं. जुन्या इंजिनाचे कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरचा पाइप एकाच अंगाला होते. नव्यात हवा एका बाजूने येते आणि धूर दुसऱ्या बाजूने जातो. त्यामुळे दोन्हीकडे जागा लागते, आणि त्यातल्या एका बाजूला स्टिअरिंगचा दांडा असतोच. पुठ्ठ्याचे साचे कापून फाउंडेशनचे ब्रॅकेट आखावे, वेल्डिंगचे नुसते ठिपके देऊन जमवून पाहावे आणि बाहेर काढूनच पक्के करावे. हे ब्रॅकेट गाडीच्या मूळ भोकांत बोल्टने बसावेत, असा माझा आग्रह असतो.

गिअरबॉक्सबाबत एक गोष्ट नवख्याच्या लक्षात येत नाही. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सला मागे स्वतंत्र आधार नसतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब तुळई असते आणि इंजिनाचा पीळ ती पेलते. एमजीबीत मागे पाट्यांवर बसवलेला अखंड ॲक्सल आहे, तो रस्त्याबरोबर वरखाली होतो; तिथे ही तुळई चालणार नाही. म्हणून गिअरबॉक्सच्या शेपटीखाली रबराचा आधार असलेला आडवा पट्टा स्वतः बनवावा लागतो. प्रोपेलर शाफ्टही नव्या लांबीचा हवा. तो घरी जोडू नये, बॅलन्सिंग करून देणाऱ्या कारागिराकडूनच घ्यावा. गिअरबॉक्सचा बाहेर येणारा दांडा आणि ॲक्सलचा पिनियन एकमेकांना समांतर असले पाहिजेत. नाहीतर एका जॉइंटची थरथर दुसरा खोडून काढत नाही, आणि वेग धरला की पूर्ण गाडी गुणगुणू लागते.

हे नीट जमलं की खरा फायदा गिअरच्या हिशेबात दिसतो. एमजीबीचा मागचा रेशो ३.९ आहे. ओव्हरड्राइव्ह नसेल तर चौथ्या गिअरमध्ये ३००० फेऱ्यांना गाडी ताशी ८७ किलोमीटरच्या आसपास जाते. माझ्दाचा पाचवा गिअर ०.८१ चा, तेवढ्याच फेऱ्यांत वेग १०७ च्या घरात पोहोचतो. लांबच्या प्रवासात कानांना आणि पेट्रोलच्या खर्चाला जो आराम मिळतो, तो वाढलेल्या हॉर्सपॉवरहून मोठा वाटतो.

आता माझ्या कामाचा प्रांत. कार्ब्युरेटरला पेट्रोल ओघळत आलं तरी पुरतं. इंजेक्शनला सुमारे तीन बार दाब लागतो. म्हणजे नवा पंप, दाब सोसणाऱ्या नळ्या, टाकीकडे परतीची वाट, आणि वळणावर पंपाला हवा लागू नये म्हणून मधे एक छोटी उपटाकी. अपघातात पंप आपोआप बंद करणारा धक्का-स्विच लावल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणू नये. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून सगळ्या नळ्या नव्याच घालाव्या.

१९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीची धन बाजू अर्थिंगला जोडलेली असे. नव्या इंजिनाचा कॉम्प्युटर जोडण्याआधी ही जोडणी उलटी करावीच लागते. गाडीच्या मूळ वायरिंगला हात लावू नये. इंजिनाचं वायरिंग वेगळं ठेवावं, त्याला स्वतःचे फ्यूज आणि रिले द्यावेत. नंतर बिघाड शोधताना हे वेगळेपण फार कामाला येतं. वेल्डिंग करताना बॅटरी आणि कॉम्प्युटर दोन्ही सोडवून ठेवावेत.

माझ्दाचा मूळ कॉम्प्युटर चालतो. पण प्रोग्रॅम करता येणारा असेल तर इंजिनाला त्याच्या नव्या सायलेन्सरप्रमाणे आणि हवेच्या वाटेप्रमाणे जुळवून घेता येतं. सावकाश चालताना हवा आणि पेट्रोल १४.७ ला १ या प्रमाणाजवळ ठेवावं, पूर्ण जोर देताना पेट्रोल वाढवावं, आणि ठिणगीची वेळ ठोठो आवाज येण्याच्या बरंच आधी थांबवावी. थंड सकाळी पहिल्या फेरीला सुरू होणं आणि सिग्नलवर शांत उभं राहणं, यासाठी मी सर्वाधिक वेळ देतो. चांगलं कॅलिब्रेशन त्यावरून ओळखावं.

थंड ठेवण्याचीही एक खोच आहे. हे इंजिन मूळचं पुढची चाकं चालवणाऱ्या माझ्दाच्या घराण्यातलं. एमएक्स-५ मध्ये ते उभं करताना पाणी बाहेर पडण्याची वाट पुढे घेतली गेली, त्यामुळे मागच्या सिलेंडरला थंड पाणी कमी पोहोचतं. पाण्याची वाट हेडच्या मागून काढली तर हे सुधारतं. ताकद वाढवायची नसेल तरी, इंजिन बाहेर असतानाच हे करून घ्यावं. आणि गाडी जास्त वेगाने पळणार असेल तर ती थांबलीही पाहिजे. ब्रेकच्या नळ्या, सिलेंडर, पुढच्या डिस्क, मागचे ड्रम, पाटे आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचं काम इंजिनाच्या आधी पूर्ण असावं.

कागदपत्रं हा या कामाचाच भाग आहे. ब्रिटनमध्ये इंजिन बदललं की त्याचा नंबर आणि सीसी वाहन नोंदणी करणाऱ्या डीव्हीएलएला कळवावे लागतात, विमा कंपनीलाही सांगावं लागतं. चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. पण गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल झाला असेल तर ती सूट जाऊ शकते. सूट मिळाली तरी तपासणी करून घ्यावी, असंच मी म्हणेन. आपण बांधलेली गाडी त्रयस्थ माणसाने खालून पाहणं नेहमी चांगलं.

हे काम प्रत्येक गाडीवर करू नये. १९७४ च्या अखेरीपासूनच्या रबरी बंपरच्या, अमेरिकी नियमांसाठी उंच केलेल्या एमजीबी भरपूर आहेत, संग्राहक त्यांच्यामागे लागत नाहीत आणि त्यांच्या बॉडीत व्ही-एटसाठी केलेली जागाही मिळते. त्या निवडाव्या. सुरुवातीच्या वर्षांतली, मूळ इंजिन नंबर शाबूत असलेली गाडी मात्र तशीच सांभाळावी. भारतात तर कायदाच वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करू देत नाही, आणि २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असावी लागते. इंजिनात मोठा फेरफार केला तर तो हक्क जातो. महाराष्ट्रात कुणाच्या वाड्यात किंवा शेडमध्ये जुनी स्पोर्ट्स कार उभी असेल, तर तिचं मूळ इंजिन चालू करण्यासाठीच खर्च करावा.

आणि जिथे बदल करणं रास्त आहे, तिथेही एक विनंती आहे. काढलेलं इंजिन विकू नका. सिलेंडरमध्ये तेल सोडा, सगळी तोंडं बंद करा, कार्ब्युरेटर आणि मूळ फाउंडेशन चिठ्ठ्या लावून त्याच्याजवळ ठेवा. गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून कारखान्याच्या नोंदींवरून गाडीचा दाखला मिळतो, तोही सोबत असू द्या. पुढच्या मालकाला गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली, तर त्याला नुसते पाने पुरले पाहिजेत.