श्वासाचा माग

भर उन्हात चरणारी गाय एकाएकी शेपटी आपटू लागते. पाठीवर घोडमाशी बसलेली असते. गुराखी फडक्याने हाकलतो. ती फिरून येते. चावते ती मादीच, अंड्यांसाठी तिला रक्त हवे. नर बिचारा फुलांतल्या मधावर भागवतो! ती डासासारखी टोचत नाही, कातडी कापून वाहते रक्त पिते. अर्धपोटी उडाली की शेजारच्या जनावरावर बसते आणि तोंडाला लागलेल्या रक्ताबरोबर ‘सर्रा’ रोगही नेते. उंट, घोडे यात खंगून मरतात.

तिला वासावरून फसवता येते, हा धडा तिच्याच जातीच्या नसलेल्या त्से-त्से माशीने दिला. १९७०च्या दशकात, आजच्या झिंबाब्वेत, ग्लिन व्हेल यांनी बैल जमिनीखालच्या खड्ड्यात दडवले आणि त्यांचा वास नळाने वर सोडला. बैल दिसत नव्हते, तरी माश्या आल्या. माणसाच्या वासाने मात्र त्या बिचकल्या! १९८४ मध्ये बैलांच्या वासातले ऑक्टेनॉल हे रसायन हाती लागले. घोडमाशीही त्याला भुलते.

केनियातल्या ‘न्झी’ सापळ्याला निळे-काळे कापड आणि पांढरी जाळी असते. स्वाहिलीत न्झी म्हणजे माशी. काळ्या कापडाला जनावर समजून माशी आत शिरते, उजेडाकडे झेपावते आणि वरच्या बाटलीत अडकते. शेजारी वासाची कुपी ठेवतात. ऑक्टेनॉल विकत घ्यावे लागते, पण शिळे गोमूत्रही चालते आणि ते गोठ्यात फुकट आहे. सापळा तेवढा उन्हात, मोकळ्यावर हवा. झाडाच्या गर्द सावलीत त्याच्याकडे माशी फारशी फिरकत नाही.