खोकल्यातून की उलटीतून?

मला इंग्रजी नीट कळत नाही, अशी नोंद माझ्या फाईलमध्ये आहे. शब्द इतके उघड नाहीत. 'संवादासाठी अधिक साहाय्य आवश्यक' असं सभ्य भाषेत लिहिलंय, पण अर्थ तोच. ज्या प्रश्नावरून हे लिहिलं गेलं, तो प्रश्न मी आजही विचारते.

मिरजेला जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा, मग तिथेच नोकरी, ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, इंग्लंडला आल्यावर ऑस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा. ज्यांच्या घरातली मुलगी नर्स होऊन परदेशी गेलीय त्यांना हा रस्ता तोंडपाठ असेल, तेव्हा त्यात शिरत नाही. उत्तर इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात मी छातीच्या विकारांच्या वॉर्डात होते. तिथले आजोबा, जन्मभर खाणीत काम केलेले, सीओपीडीने दम लागून भरती झालेले. रात्रपाळी नुकतीच सुरू झाली होती. त्यांची मुलगी कॉटजवळून धावत आली आणि म्हणाली, "डॅड्ज ब्रॉट अप ब्लड!"

मी आजोबांकडे निघाले. ऑक्सिजन, नाडी, बीपी बघायला घेतलं आणि हात चालू असतानाच तिला विचारलं, रक्त खोकल्यातून आलं की उलटीतून? घाबरलेल्या त्या बाईने वाडगा आधीच सिंकमध्ये धुऊन टाकला होता. म्हणजे बघायला काही उरलंच नव्हतं, विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. तेवढ्यात पाळीची प्रमुख नर्स आली. तिने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला, "माफ करा, इंग्रजी हिची मातृभाषा नाही," असं सांगितलं आणि माझ्याकडे वळून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "ब्रॉट अप मीन्स कफ्ड अप."

आजोबांसमोर, त्यांच्या मुलीसमोर, शेजारच्या कॉटवरच्या पेशंटसमोर.

मी काही बोलले नाही. बीपी खाली आलं होतं, ते सांगितलं. तिने डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून पहिलाच प्रश्न काय आला असेल? खोकल्यातून की उलटीतून? फोन कानाला तसाच धरून ती त्या मुलीकडे वळली आणि तिने माझाच प्रश्न, माझ्याच शब्दांत विचारला. आता मुलगी थोडी सावरली होती. म्हणाली, मळमळत होतं, मग भडाभडा आलं, काळपट होतं, कॉफीच्या चोथ्यासारखं. म्हणजे पोटातलं. पोटातल्या आम्लाने रक्त असं काळं पडतं. फुप्फुसातलं असतं तर बहुधा लालभडक, फेसाळ आलं असतं. आजोबा गुडघेदुखीसाठी दुकानातून आयबुप्रोफेन आणून घरी रोज घेत होते, हे त्या रात्री पहिल्यांदा कळलं. एन्डोस्कोपीत जठरातला अल्सर सापडला. आजोबा बरे होऊन घरी गेले, ते महत्त्वाचं.

पण डॉक्टरांना कुणी म्हटलं नाही की तुमचं इंग्रजी कच्चं आहे. हे मला अजून सहन होत नाही. एकच प्रश्न त्यांनी विचारला तर ते निदान, मी विचारला तर ते अज्ञान.

ब्रिंग अप मला माहीत नव्हतं असं नाही, फार माहीत होतं म्हणून तर विचारलं. मूल वाढवणं म्हणजे ब्रिंग अप. मीटिंगमध्ये विषय काढणं ब्रिंग अप. कॉम्प्युटरवर पेशंटचे रिपोर्ट उघडणं ब्रिंग अप. बाळाला खांद्यावर घेऊन पाठ थोपटत ढेकर काढवतात, तेव्हा बाळ जे करतं तेही ब्रिंग अप. छातीचे डॉक्टर खोकणाऱ्याला विचारतात, काही ब्रिंग अप होतंय का, तेव्हा त्यांना बेडका हवा असतो. आणि जेवण ब्रिंग अप केलं म्हणजे सरळ ओकारी. शरीरातून वर येणाऱ्या कशालाही हे क्रियापद चालतं. कुठून आलं ते सांगत नाही, आणि आम्हाला नेमकं तेवढंच हवं असतं.

सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलंय की क्रियापदापुढे असा छोटा शब्द जोडून अर्थ बदलण्याची इंग्रजीची रीत परक्यांना सर्वात जड जाते. खरं असेल. पण त्या रात्री ती जड गेली ती इथेच जन्मलेल्या प्रमुख नर्सला. परकं माणूस निदान थांबून विचारतं. आपल्या भाषेत आपण विचारतच नाही.

मिरजेला हे रोजचं होतं. जत, कवठेमहांकाळकडून नातेवाईक यायचे, "सिस्टर, तोंडातनं रगात पडलं" म्हणायचे. आम्ही विचारायचो, खोकल्यातनं पडलं का उलटीतनं, का हिरडीचं हाय? ते सांगायचे. सिस्टरला मराठी येत नाही असं कुणाच्या मनातही आलं नाही.

ओईटीची तयारी करणाऱ्या मुली मला फोन करतात. क्लासमधून त्यांना याद्या मिळतात, डावीकडे 'ब्रिंग अप'सारखी फ्रेझल व्हर्ब, उजवीकडे एक समानार्थी शब्द. त्यांना माझं सांगणं आहे की तो उजवीकडचा रकाना झाकून ठेवा. कोण बोलतंय, कशाबद्दल, पुढे कुठला शब्द आला, ते ऐका. बोलण्याच्या परीक्षेतल्या दोन रोल प्लेंमध्ये मोठमोठे शब्द फेकू नका. 'एक्स्पेक्टोरेट' म्हटलं की म्हातारं माणूस बावचळतं, 'ब्रिंगिंग एनीथिंग अप, लव्ह?' म्हटलं की लगेच बोलायला लागतं. तेच क्रियापद आता मी दिवसभर वापरते आणि मला ते मनापासून आवडतं. मात्र रक्ताचं नाव निघालं की दुसरा प्रश्न विचारायचाच, समोर कुणीही असो.

त्या प्रमुख नर्सबद्दल मनात राग आहे, असं मी इतके दिवस म्हणत आलेय. पण आई गेली तेव्हा माझ्या पाळ्या तिनेच वाटून घेतल्या आणि गाडीत बसवून मला विमानतळावर सोडलं. त्या वाटेवर मी हा विषय काढला नाही. तिनेही नाही. परत आल्यावर नोंद फाईलमध्ये होती तशीच होती, आणि ती वाचली की सगळं पुन्हा उसळून येतं.

नोंद काढून टाका असा अर्ज मी केला. उत्तर आलं, ही शिक्षा नाही, मदत आहे. मी परत लिहिलंय, मदत नेमकी कुठल्या शब्दासाठी देणार ते कळवा, आणि त्या रात्रीच्या फोनची वेळ व डॉक्टरांची टिपणं सोबत जोडली आहेत.